मागच्या काचेवरचे ठिपके

पोलराइज्ड गॉगल (ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारा, चकाकी कमी करणारा चष्मा) लावला की पुढच्या कारच्या मागच्या काचेवर ठिपके दिसतात, ती काच खराब आहे का, असं तुम्ही विचारलंत. काच खराब नाही, निश्चिंत राहा. ते करडे-निळसर ठिपके म्हणजे टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या काचेची खूण. ही काच सुमारे 620 अंश सेल्सिअसला तापवून तिच्यावर ओळीतल्या नळ्यांमधून गार हवेचे झोत मारतात. झोताखालचा भाग आधी थंडावतो, तिथला ताण वेगळा राहतो आणि ध्रुवीकृत, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात त्याचीच नक्षी उमटते. समोरच्या विंडशील्डला दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तिथे हा खेळ जवळपास नाहीच.

आकाशाचा उजेड सूर्यापासून 90 अंशांवर सर्वांत जास्त ध्रुवीकृत असतो. म्हणून निरभ्र संध्याकाळी, सूर्य पश्चिमेला कलल्यावर, नागपूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वर्धा रोडवर नक्षी ठळक दिसते. पश्चिमेकडे जाणाऱ्या अमरावती रोडला शहराबाहेर जाताना ऊन डोळ्यांवर, मग कसली नक्षी! पावसाळी ढगांत तर ती पारच फिकी. मान तिरपी केली की ठिपके बदलतात, पण हे सिग्नलला थांबल्यावरच करा.

असा गॉगल घेण्याआधी तो लावून स्वतःच्या गाडीचा डिजिटल मीटर बघा, काही स्क्रीन त्यातून काळ्या दिसतात. अंधारू लागलं की काढून ठेवा.