गेटसमोरच्या रस्त्यासाठी माहिती अधिकार : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-२०३: नमस्कार मंडळी. गेट ते बसथांबा रस्ता मे महिन्यात डांबरी केला आणि पहिल्याच पावसात खडी वर आली. महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचं ठरलंय, म्हणून मसुदा टाकते: "सदर रस्ता निकृष्ट का झाला, याला जबाबदार कोण व ठेकेदारावर काय कारवाई करणार?" चालेल का?

ए-७०१: ताई, असाच दिलात तर महिन्याने एका ओळीचं पत्र येईल, "माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही". आणि अपिलातही ते टिकतं. 'का' विचारणं माहितीच्या व्याख्येत बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच म्हटलंय. जनमाहिती अधिकाऱ्याने, म्हणजे कार्यालयात या अर्जांना उत्तर देणाऱ्याने, असलेला कागद द्यायचा असतो. खुलासे लिहून देणं त्याचं काम नाही. तेव्हा प्रश्न काढून टाका, कागद मागा.

सी-२०३: कुठले कागद पण, काका?

बी-४०४: रस्त्याच्या कामात बघण्यासारखे पाच. मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेलं पत्र), मोजमाप पुस्तक म्हणजे एमबी, चाचणी अहवाल आणि अदा केलेली देयकं. यातली एमबी सोडू नका. कनिष्ठ अभियंता त्यात लांबी, रुंदी, जाडी लिहितो, वरचा अभियंता तपासून सही करतो आणि त्यावरच बिल निघतं. समजा एमबीत २४० मी. × ६ मी. × ०.०५ मी. लिहिलंय, म्हणजे ७२ घनमीटर. आता रस्त्याची तुटलेली कड पट्टीने मोजा. थर तीनच सेंटीमीटर भरला तर माल ४३.२ घनमीटरचा आणि बिल ७२ चं. भाषण ठोकायची गरजच उरत नाही. फक्त कड एकाच जागी मोजू नका, पाच-सहा ठिकाणी मोजा, कडेला थर तसाही पातळ पडतो.

डी-१०२: आणि दोषदायित्व कालावधी? त्या मुदतीत ठेकेदाराने फुकट दुरुस्ती करून द्यायची असते ना?

बी-४०४: हो, ती अट निविदेच्या कागदात असते. ते पानही मागा. आपल्याला खड्डे बुजवून हवेत तर खरं हत्यार तेच.

सी-२०३: मग "सदर रस्त्यासंबंधी सर्व कागदपत्रे" असंच लिहू का? काही राहायला नको.

ए-७०१: अजिबात नको. 'सर्व' लिहिलं की "माहिती व्यापक स्वरूपाची आहे, कार्यालयात येऊन अवलोकन करावे" असं उत्तर येतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(९) खाली ते माहिती देण्याची पद्धत बदलू शकतात, नकार देऊ शकत नाहीत, पण तेवढ्यात महिना जातो. शिवाय महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे : एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. दोन विषय घातले तर पहिल्याचंच उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा म्हणतात.

बी-४०४: म्हणून खोदाई परवानग्या यात घालू नका. रस्ता केल्यावर केबलवाल्यांनी फोडला असेल तर तो वेगळा अर्ज.

सचिव: मग मी लेटरहेडवर सोसायटीच्या नावाने टाकतो. वजन पडेल.

ए-७०१: सचिव साहेब, उलट अडकेल. कलम ३ प्रमाणे हा हक्क नागरिकाला आहे, संस्थेला नाही. लेटरहेड दिसलं की तेवढ्याच मुद्द्यावर परत करणारे भेटतात. तुमच्या स्वतःच्या नावाने आणि घरच्या पत्त्यावर द्या, पदनाम लिहू नका. माहिती कशाला हवी हेही लिहू नका, कलम ६(२) खाली ते विचारताच येत नाही.

ए-७०१: हा घ्या मसुदा. जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, बसवा :

"प्रति, जनमाहिती अधिकारी, पथ विभाग, ____ क्षेत्रीय कार्यालय.
माहितीचा विषय : ____ गेट ते ____ बसथांबा रस्त्याचे डांबरीकरण.
कालावधी : अंदाजपत्रक मंजुरीच्या दिनांकापासून अर्जाच्या दिनांकापर्यंत.
तपशील : सदर कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. (१) मंजूर अंदाजपत्रक (२) कार्यादेश (३) निविदेतील दोषदायित्व कालावधीच्या अटीचे पान (४) मोजमाप पुस्तकातील या कामाच्या नोंदींची सर्व पाने (५) साहित्य व थराच्या जाडीच्या चाचणीचे अहवाल (६) अदा केलेली देयके.
माहिती टपालाने / व्यक्तिशः हवी."

डी-१०२: कालावधी कार्यादेशापासून का नाही?

ए-७०१: अंदाजपत्रक त्याच्या आधीचं असतं. कार्यादेशापासून लिहिलं की पहिला कागद "मागितलेल्या कालावधीतील नाही" म्हणून वगळतात.

सी-२०३: फी कशी भरायची?

ए-७०१: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर चिकटवायचा. आधी अर्जाची झेरॉक्स काढू नका, स्टॅम्प लावून मग काढा, म्हणजे आपल्या प्रतीवर तो दिसतो. त्याच प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. नुसती सही घेऊन येऊ नका. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरही भरता येतो, यादीत आपली महापालिका दिसते का ते आधी बघा.

बी-४०४: आणि चुकीच्या विभागाकडे गेला तर अर्ज परत घेऊन येऊ नका. "इथे नाही, तिकडे द्या" हे खिडकीवरचं आवडतं वाक्य. कागद दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे असेल तर त्यांनीच पाच दिवसांत तिकडे पाठवायचा, कलम ६(३). एकाच महापालिकेतला दुसरा विभाग असेल तर तुम्हाला हेलपाटा घालायला लावण्याचं काहीच कारण नाही.

सी-२०३: मग ३० दिवस वाट बघायची?

ए-७०१: हो, पण मध्येच एक पत्र येईल, ते फाडू नका. "८६ पाने, प्रति पान २ रुपये, १७२ रुपये भरावेत" अशा धर्तीचं. ते पाठवल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत. म्हणून लगेच भरा आणि पावतीची प्रत विभागात नेऊन द्या. नागरी सुविधा केंद्रात भरलं म्हणजे विभागाला कळलं असं नसतं. ३० दिवस उलटल्यावर पैशांचं पत्र आलं तर कलम ७(६) दाखवा, माहिती फुकट द्यावी लागते.

सचिव: आणि काहीच आलं नाही तर?

ए-७०१: पहिलं अपील, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. मुदत बघा : अर्ज २ जूनला पोचला तर २ जुलैला ३० दिवस भरतात आणि तिथून पुढच्या ३० दिवसांत, म्हणजे १ ऑगस्टपर्यंत अपील. बहुतेकांचं इथेच फसतं, आठवण करून देत बसतात आणि मुदत जाते. स्मरणपत्राला कायद्यात काही किंमत नाही. अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. तरी हलले नाहीत तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोग. तिथे दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० दंड होऊ शकतो, पण तारीख लागायला वेळ जातो. त्याच्या भरवशावर रस्ता होणार नाही.

ई-५०१: मंडळी, मला शेजारच्यांची मालमत्ता कराची थकबाकी काढायची होती. ह्याच अर्जात टाकू का 😊

ए-७०१: नको हो. एक तर वेगळा विषय. शिवाय वैयक्तिक माहितीचं पोटकलम २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू आहे. 'वैयक्तिक' म्हणून नाकारणं आता सोपं झालंय. ८(२) खाली जनहित दाखवता येतं, पण शेजाऱ्याच्या थकबाकीत जनहित कुठून आणणार?

डी-१०२: काका, अर्ज न करता बघायला मिळत नाही का? सोमवारचं काहीतरी होतं.

बी-४०४: मिळतं. २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघायला खुले, अर्ज लागत नाही. मी तर म्हणतो आधी तिथेच जा. एमबीचा क्रमांक आणि पान नंबर टिपून आणा, मग अर्जात नेमकी तीच पानं मागता येतील, ८६ ऐवजी १२ वर भागेल. माहिती अधिकारात रीतसर अवलोकन मागितलंत तर २०१२ च्या नियमाप्रमाणे फक्त पेन्सिल आत नेता येते, पेन बाहेर जमा करायचा. सोमवारीही पेन्सिलच घेऊन जा, वाद नको.

सचिव: ठीक. सोमवारी मी आणि सी-२०३ जातो. अर्ज त्यानंतर, ए-७०१ च्या मसुद्यावरून.

ए-७०१: अर्जाची पोच ग्रुपवर टाकताना पत्ता आणि फोन नंबर झाकून टाका. आवक क्रमांक आणि तारीख तेवढी दिसू द्या, अपिलाची तारीख मी ग्रुपवर पिन करतो.