लिंबाचे मॅकरॉन: शेल तडकतात आणि भरल्यावर ओले पडतात, मदत हवी आहे

माझ्या धाकट्या जावेचं डोहाळजेवण ३ आठवड्यांवर आलंय. सातवा महिना आहे आणि तिला सध्या आंबटाशिवाय काही सुचत नाही. कैरीचा मोसम गेला, म्हणून ती लिंबाच्या फोडी मीठ लावून खाते. लग्नानंतर ती फिरायला गेली होती तेव्हा पॅरिसमध्ये लिंबाचा मॅकरॉन (बदामाच्या पुडीच्या दोन गोल झाकणांत, म्हणजे शेलांत, क्रीमसारखं सारण भरलेला फ्रेंच गोड पदार्थ) खाल्ला होता, त्याची आठवण अजून काढते. तिच्या ताटात घरी केलेले मॅकरॉन असावेत अशी माझी फार इच्छा आहे. एकूण ४० नग करायचे आहेत.

मी डोंबिवलीत राहते. केक, नानकटाई, ब्रेड नेहमी करते, पण मॅकरॉन पहिल्यांदाच. आतापर्यंत तीन वेळा केले. प्रमाण असं: अंड्याचं पांढरं १०० ग्रॅम, बारीक साखर ९० ग्रॅम, बदामाची पूड १३० ग्रॅम, आयसिंग शुगर १३० ग्रॅम. बदाम घरीच सोलून, वाळवून, आयसिंग शुगरबरोबर मिक्सरला थांबत थांबत फिरवते आणि दोनदा चाळते.

पहिल्यांदा स्वाद यावा म्हणून बॅटरमध्येच एक चमचा लिंबाचा रस घातला. बॅटर पळीवाढ्या वरणासारखं झालं, ट्रेवर सगळे गोल एकमेकांत मिसळले.

दुसऱ्यांदा रस वगळला आणि दोन लिंबांची साल किसून घातली. पाइप करून, म्हणजे पिशवीतून ट्रेवर गोल पाडून, ४० मिनिटं ओट्यावर ठेवले. बाहेर धो धो पाऊस. बोट लावलं तर बॅटर बोटाला येत होतं, तरी तसेच भाजले. झाकणं मधोमध तडकली आणि खालची झालर, ज्याला फीट म्हणतात, ती आलीच नाही.

तिसऱ्यांदा ट्रे बेडरूममध्ये एसी लावून तासभर ठेवला. वर साय (कोरडा पापुद्रा) धरली, झालर छान आली. मला वाटलं जमलं! पण एक तोडून पाहिला तर आत पोकळ, वरचं कवच वेगळं आणि तळाला चिकट थर. काही तर बटर पेपरला तळ सोडूनच वर आले. उरलेल्या बऱ्या जोड्यांत लेमन कर्ड (लिंबाचा रस, अंडं, साखर आणि बटर शिजवून केलेलं सारण) भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बघते तर शेल चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे मऊ झालेले, कर्ड बाजूने ओघळलेलं.

ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) ३० लिटरचा आहे. १५० अंश, वरची-खालची दोन्ही कॉइल, मधला खण, १६ मिनिटं. नेमकं काय चुकतंय? आणि आत क्रीमसारखं मऊ, पण लिंबाची खरी चव असलेलं, शेल न भिजवणारं काय भरू?

आणखी एक. जाऊ गरोदर असल्यामुळे कच्चं अंडं असलेलं फिलिंग नको आहे.

प्रतिसाद १

ताई, तुमचं प्रमाण बरोबर आहे, त्याला हात लावू नका. आधी ओव्हन थर्मामीटर आणा, छोटा जाळीवर टांगायचा मिळतो तो. ओटीजीच्या डायलवर १५० लिहिलंय म्हणून आत १५० असतं असं नाही, माझ्याकडे २० अंशांचा फरक निघाला होता. लहान ओटीजीत वरची कॉइल मॅकरॉनच्या डोक्यावरच असते. साय नीट धरलेली नसताना वरून अशी आच बसली की वाफ झाकण फोडूनच बाहेर पडते. साय असली की तीच वाफ खालून निघते आणि झालर उठते. वीसेक मिनिटं प्रीहीट करा, मग फक्त खालची कॉइल ठेवा आणि ट्रेखाली दुसरा ट्रे घाला.

पावसाळ्यात साय धरण्यासाठी एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवा. ४० मिनिटं की ६०, हे घड्याळावर ठरवू नका. बोट हलकेच फिरवलं आणि काही न चिकटता सरकलं, तरच भाजायला घ्या.

पोकळ होण्याची दोन कारणं तुमच्या वर्णनात दिसतात. तळ कागदाला राहिला म्हणजे शेल कच्चे निघाले, आतला भाग थंड होताना खाली बसला. शेलला वरून धरून किंचित हलवा. झालरीवर डुलत असेल तर आणखी २ मिनिटं द्या. दुसरं, पांढरं गरजेपेक्षा जास्त फेटलं जातंय का? बीटर उचलल्यावर टोक ताठ उभं राहिलं आणि चकाकी असली की थांबायचं. कापसासारखे गोळे दिसू लागले की उशीर झाला.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराशी सहमत, पण मी म्हणेन इटालियन पद्धतीने करा. साखरेचा पाक ११८ अंशांवर नेऊन फेटलेल्या पांढऱ्यात धार धरून ओतायचा. हे मेरांग, म्हणजे साखर घालून फेटलेलं पांढरं, जास्त तग धरतं, दमट हवेत मला तरी याचाच भरवसा वाटतो. पाकासाठी वेगळा थर्मामीटर मात्र लागेल.

सालीबद्दल: आपल्या कागदी लिंबाची साल फार पातळ असते, जरा जोर लागला की पांढरा भाग किसला जातो आणि कडवटपणा येतो. पिवळी, पिकलेली लिंबं घ्या, बारीक किसणीवर एका जागी एकदाच फिरवा. किसलेली साल पंख्याखाली वाळवून मग बदामाच्या पुडीत मिसळा. रंग हवा असेल तर जेल किंवा पावडर, पाण्यासारखा पातळ रंग नको.

आमच्याकडे नागपूरला हेच मी संत्र्याच्या सालीचे करते, पण आंबिया बहाराची संत्री बाजारात यायला अजून वेळ आहे. तुम्हाला आता लिंबूच बरं.

प्रतिसाद १

इटालियन पद्धत चांगलीच आहे, वाद नाही. पण हातात ३ आठवडे आहेत आणि ताईंची झालर आता येऊ लागली आहे. या टप्प्यावर पद्धत बदलली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आधी फक्त आच सुधारून अर्धं प्रमाण करून बघा.

प्रतिसाद ३

फिलिंगचं मी सांगते. कर्डमध्ये पाणी भरपूर असतं आणि मॅकरॉनचा शेल म्हणजे साखर, ती पाणी ओढून घेते. व्हाइट चॉकलेटचं गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट सारण, भरा. २०० ग्रॅम व्हाइट चॉकलेट, ६० ग्रॅम क्रीम, २० ग्रॅम बटर, ३ लिंबांची साल, १ मोठा चमचा रस. चॉकलेट कोको बटरचं घ्या, वनस्पती तेलाच्या कंपाउंडचा मेणचट थर जिभेवर राहतो.

क्रीम उकळीला आणून गॅस बंद करा, साल घालून १० मिनिटं झाका. गाळा, पुन्हा गरम करा, चॉकलेटवर ओतून मधून कडेकडे हलवत एकजीव करा. रस अगदी शेवटी, थेंबाथेंबाने. गरम क्रीममध्ये रस पडला तर ती फाटेल. हे गनाश रात्रभर फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या.

कर्ड हवंच असेल तर गनाशचं कडं पाइप करून मध्ये वाटाण्याएवढंच कर्ड ठेवा. पिवळी बलकं उरतातच, ती तिथे कामी येतात. जाऊबाईंसाठी करताय तर कर्ड मंद आचेवर सतत हलवत ८० अंशांच्या वर जाऊ द्या, उकळू मात्र नका.

भरलेले मॅकरॉन त्याच दिवशी खाऊ नका. हवाबंद डब्यात २४ तास फ्रिजमध्ये राहिले की शेल आतून मऊ आणि वरून खुसखुशीत होतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. थर्मामीटर आणला. डायल १५० वर आणि आत १७२! किती दिवस मी रेसिपीला दोष देत होते. डायल १३० वर आणला की आत १५० येतं. शनिवारी अर्धं प्रमाण केलं. खालचीच कॉइल, दोन ट्रे, १८ मिनिटं. २२ शेलांपैकी १९ बिनतडीचे निघाले. गार झाल्यावर कागद खाली ओढला तसे एकेक सुटून आले, तळ गुळगुळीत. तोडून पाहिला, आत भरलेला. मी तो तसाच हातात धरून बराच वेळ बघत बसले होते.

गनाश भरून रविवारी रात्री जावेला एक दिला. डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाली, "वहिनी, पोत अगदी तोच आहे. पण आंबट कमी आहे." खरंच आहे, व्हाइट चॉकलेट गोड पडतं. रस वाढवला तर गनाश सैल होईल ना?

प्रतिसाद ३

रस वाढवू नका, लिंबूसत्त्व घाला. किराणा दुकानात मिळतं तेच. तयार गनाशमध्ये दोन चिमटी बारीक पूड करून घाला, चाखा, मग हवं तर आणखी. आंबटपणा येतो आणि पाणी एक थेंब वाढत नाही. कर्डच्या थेंबानेही फरक पडेल.

धागाकर्ती

हे सुचलंच नसतं! घरात आहे, ढोकळ्यासाठी आणलेलं. शेवटचा प्रश्न: ४० नग एका दिवसात होणार नाहीत. आधी करून ठेवले तर टिकतील? हॉल घरापासून पाऊण तासावर आहे.

प्रतिसाद १

भरून हवाबंद डब्यात एकेका थरामध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन आठवडे आरामात राहतात. आदल्या रात्री डबा फ्रीझरमधून फ्रिजमध्ये काढा आणि झाकण उघडू नका. गार मॅकरॉनवर बाहेरची दमट हवा लागली की दव धरतं आणि शेल चिकट होतात. नेताना तोच बंद डबा बर्फाच्या पाकिटांबरोबर न्या, ताटात मांडायच्या अर्धा तास आधी उघडा.

धागाकर्ती

ठरलं तर मग. येत्या दोन शनिवारी २०-२० करून फ्रीझरमध्ये ठेवते. श्रावणात अंडं न खाणाऱ्या सासूबाई आणि मावशींसाठी लिंबू पिळून नारळाच्या वड्या करणार आहे, म्हणजे त्यांच्याही ताटात लिंबू असेल. ओटी भरून झाली की फोटो टाकते.