डोहाळजेवणात पाहुण्यांच्या हातची आठवण कशी जपली? अनुभव लिहा

वहिनीला सातवा लागलाय. पुढच्या महिन्यात घरीच डोहाळजेवण करायचं ठरलंय. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या हे सगळं आहेच. पण ओटी भरून, फोटो काढून, जेवून माणसं आपापल्या घरी जातात. आलेल्या प्रत्येकीच्या हातचं काहीतरी बाळासाठी मागे राहावं असं फार वाटतं. तुमच्याकडे काय केलं, सामान काय लागलं, काय जमलं नाही, मोकळेपणानं लिहा. आजी-मावश्यांना जमेल असं हवंय.

साताऱ्याहून, मावशी

भाचीच्या वेळी आम्ही गोधडी केली. ताईच्या आणि विहीणबाईंच्या जुन्या सुती साड्या घेतल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. त्यांचे थर लावून, कडेनं लांब कच्चे टाके घालून आदल्या दिवशीच तयार ठेवलं. पाहुण्यांनी फक्त धावदोरा घालायचा. ओटी भरायला रांग लागते, तेवढ्या वेळात सतरंजीवर बसून एकेकीनं एकेक ओळ. सुया मात्र आधीच ओवून ठेवा. चष्मा घरी राहिलेल्या बायका सुई हातात घेतात आणि ओवता येत नाही म्हणून उठून जातात. लाल, हिरवा, पिवळा असे दोरे ओवून उशीला टोचून ठेवले होते.

आत्याबाईंचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एका रेषेत. त्याखालीच शेजारच्या कॉलेजातल्या मुलीची ओळ, ती मध्येच वर चढून पुन्हा खाली आलेली. कुणीतरी ती उसवायला निघालं, तेव्हा विहीणबाईंनी हात धरला. "राहू दे, कुणाची कुठली ते कळेल," म्हणाल्या.

एक सांगायलाच हवं. माझे दीर गेल्यापासून धाकटी जाऊ अशा कार्यक्रमात स्वयंपाकघरातच थांबायची. ताईनं तिला बाहेर बोलावलं आणि गोधडीचा पहिला टाका तिच्याकडून घालून घेतला. मग भाची स्वतःच उठून म्हणाली, "काकू, ओटीही तुम्हीच भरा." मला तरी त्या दिवसातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

शिरोळ तालुक्यातून

वरचं वाचून भरून आलं. आमच्याच तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. आमच्या घरी आता ओटीला सगळ्यांना बोलावतो. आमंत्रण देतानाच तसं सांगा, म्हणजे कुणी संकोचून मागे उभं राहत नाही.

नाशिकहून

आमच्या सासूबाईंचा दंडक, बाळ जन्माला येण्याआधी त्याचं काही आणायचं नाही, शिवायचं नाही. बऱ्याच घरांत असं असतं, तेव्हा आधी विचारून घ्या. आम्ही मधला मार्ग काढला. पांढऱ्या सुती कापडाचे वीतभर चौकोन कापले आणि पाहुण्यांना फॅब्रिक रंग दिले. कुणी मोर काढला, कुणी नुसती ठिपक्यांची रांगोळी. पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली, म्हणजे रंग धुण्यात जात नाही. चौकोन सुटेच ठेवले आणि बाराव्या दिवशी, बारशाच्या सकाळी सासूबाईंनी स्वतः मशीनवर जोडायला घेतले.

टिकल्या, आरसे, मणी लावू देऊ नका. बाळ सगळं तोंडात घालतं.

डोंबिवलीहून, होणारी आत्या

आम्ही बाळाला पत्रं लिहायला सांगितलं होतं. सुरुवातीची सगळी पत्रं एकसारखीच, 'मोठा हो, आईबाबांचं नाव काढ.' मग नणंदेनं कागदाच्या माथ्यावर एक प्रश्न लिहून दिला: 'बाळाची आई लहान असताना तुम्ही तिला काय करताना पाहिलं?' चाळीतल्या एका काकूंनी लिहिलं, ही शाळेतून आली की आमच्या दारात बसून आधी भाकरी मागायची, मग चपला काढायची. वहिनीला स्वतःलाच ते आठवत नव्हतं! ज्या आजींना लिहायचा सराव नाही त्यांच्याजवळ एक मुलगी बसवा. त्या बोलतील, ती लिहील, त्यांच्याच शब्दांत.

अंगठ्याच्या ठशांचं झाडही केलं होतं. दिसायला छान, पण कुठला ठसा कुणाचा ते आता कुणालाच सांगता येत नाही. करायचंच तर ठशाखाली नाव हवं.

न्यू जर्सीहून

इथे मैत्रिणींनी केलं माझं. मुलगा की मुलगी हे इथे आधी सांगतात, भारतात १९९४च्या कायद्यानं ते बंद आहे. आम्ही डॉक्टरांना विचारलंच नाही, त्यामुळे पेढा-बर्फीची गंमत शाबूत राहिली. मैत्रिणींनी आपापल्या आईला फोन लावून बाळंतिणीच्या खाण्याची वही भरली. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं. आई येईपर्यंत त्या वहीनंच मला सांभाळलं.

गोधडीबद्दल एक सूचना. इथे डॉक्टर बजावून सांगतात की पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण नको. आमची गोधडी दिवसा जमिनीवर पसरतो, बाळ तिच्यावर पालथं पडून खेळतं.

फोंड्याहून

आमच्याकडे फुलं माळायचा कार्यक्रम असतो. अबोली-शेवंती माळताना म्हाताऱ्या बायका डोहाळ्यांची गाणी म्हणतात. सगळ्या वहिनींनी मिळून ती फोनवर ध्वनिमुद्रित केली. फोन गाणाऱ्या आजीच्या अगदी जवळ ठेवा आणि पंखा बंद करा, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते. गाणं झालं की लगेच विचारा, हे कुणाकडून शिकलात? आमच्या थोरल्या काकींनी आईचं, आजीचं नाव घेतलं आणि पुढे तिच्या माहेरच्या गावाचं. त्या गावाशी आपलं नातं आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गोधडी आणि गाणी ठरली. साताऱ्याच्या मावशी, दोनच साड्यांचे थर घेतले तर पातळ होईल का? आणि कडेला पट्टी आधीच लावायची की शेवटी?