मदत हवी आहे: बीएस्सी सांभाळून फ्रेंच, कसं जमवू?

नमस्कार. मी एस.वाय. बीएस्सीला, घर तारकर्लीजवळ, कॉलेजला रोज एसटीने जाऊन-येऊन. आमचा दोन खोल्यांचा होमस्टे आहे. गेल्या डिसेंबरात एक फ्रेंच जोडपं चार दिवस राहिलं. त्यातल्या बाई सोलकढी पिऊन काहीतरी लांबलचक बोलल्या आणि आम्ही सगळे नुसते हसत उभे. तेव्हापासून डोक्यात बसलंय.

जूनमध्ये इथल्याच एका क्लासला सहा महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सचे पैसे भरले. सात तास झाले, सर सोडून गेले, पैसे ‘पुढच्या बॅचला वळते करू’ म्हणत अडकवलेत. ते जाऊ दे. पण त्या सात तासांत कळलं की नाकातले उच्चार मला जड जात नाहीत, मालवणी माणसाला त्यात काय नवीन! आणि ऐंशीला ते ‘कात्र-व्हँ’ म्हणतात, म्हणजे चार विसा. आमची आजी नारळ असेच मोजते.

आता परत सर्टिफिकेट कोर्स शोधू, की थेट डेल्फ ए-वन, म्हणजे फ्रेंचची सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा, देऊ? कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर ‘एका वेळी एकच ॲडमिशन’ म्हणाले. शिवाय ऑनलाइन बॅच रात्रीची, आणि पावसात आमची लाइट कधी जाईल सांगता येत नाही. आई विचारते, ‘ह्या शिकान काय करतलंस गो?’

प्रतिसाद: ॲडमिशनचं मनावर घेऊ नका. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्ये दोन पदव्यासुद्धा एकत्र करायला मुभा दिली, हे तर साधं सर्टिफिकेट. खाजगी क्लासच्या कागदाला बाहेर फारसं कोणी विचारत नाही. डेल्फचा डिप्लोमा फ्रान्सचं शिक्षण मंत्रालय देतं, तो आयुष्यभर चालतो, आणि आधी कोर्स केलेला असण्याची अट नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 25 गुण. एकूण 50 हवेत, पण कुठल्याही भागात 5 च्या खाली गेलात तर नापास. घरी शिकणारे बहुधा ऐकण्यात मार खातात.

प्रतिसाद: अगं, पुण्या-मुंबईकडे कशाला बघतेस? पणजीला आलियाँस फ्राँसेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे, तुला तेच जवळ. तारखा फोन करून विचार आणि प्रॅक्टिकलच्या आठवड्यात फॉर्म भरू नकोस, मी तो गाढवपणा केलाय. तोंडी परीक्षा पाच-सात मिनिटांची. त्यात खोटं खोटं दुकान मांडून भाव विचारायला लावतात. खोलीचं भाडं सांगायची सवय आहेच तुला. ऐकायच्या सरावाची रेकॉर्डिंग आधी फोनवर उतरवून ठेव नि एसटीत ऐक, लाइटचा प्रश्न मिटला.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. उद्याच पणजीला फोन करते. त्या अडकलेल्या पैशांचं काय करावं, कुणाला अनुभव आहे का? पावती आहे माझ्याकडे.