‘लाँग रीड’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरवेडी: डीएनए सीक्वेन्सिंगवरील, म्हणजे डीएनएतील अक्षरांचा (ए, टी, जी, सी या रासायनिक घटकांचा) क्रम वाचण्यावरील लेखाचे भाषांतर करताना मी ‘लाँग रीड’साठी ‘दीर्घवाचन’ असे लिहिले, तर संपादकांनी त्याचे ‘सखोल अभ्यास’ करून टाकले. यंत्राने सलग वाचलेला डीएनएचा तुकडा, एवढाच त्याचा अर्थ आहे. काही यंत्रांत तो दीडशे अक्षरांचा असतो, तर नॅनोपोअर पद्धतीत लाखाच्याही पुढे जातो. ‘वाचन’ ही क्रिया झाली, मला वाचून हाती आलेल्या तुकड्यासाठी शब्द हवा आहे.

पोथीवाला: ‘पाठ’ म्हणावे. हस्तलिखितांच्या दोन प्रतींत फरक पडला की आपण पाठभेद म्हणतोच. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशाच प्रती ताडून सिद्ध झाली. इथेही तोच भाग अनेकदा वाचून, बहुतेक पाठ ज्या बाजूने असतील ते अक्षर ग्राह्य धरतात.

खोडकर: ‘लांब पाठ’ म्हटले की मला आमच्या गोठ्यातली म्हैस दिसते. ‘लांब’ हे विशेषण लिंगानुसार बदलत नसल्याने तो पाठ की ती पाठ, हेही कळायचे नाही. आमच्या प्रयोगशाळेत सगळे ‘रीड्स कमी आले’ असेच म्हणतात आणि कोणाचे काही अडत नाही. खरा घोळ सीक्वेन्सिंगसाठी करोनाकाळात वृत्तपत्रांनी रुळवलेल्या ‘जनुकीय क्रमनिर्धारणा’चा आहे.

शुद्धमती: ‘क्रमनिर्धारणा’त घोळ कसला? ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांच्या १९७७ च्या सीक्वेन्सिंग पद्धतीत तुकडे लांबीनुसार वेगळे करून, कोणता कोणत्या अक्षरावर संपतो यावरून क्रम ठरवावा लागे. ते निर्धारणच होते. नॅनोपोअरमध्ये धागा छिद्रातून सरकताना विद्युतप्रवाह बदलतो, त्याला हवे तर वाचन म्हणा. ‘क्रम लावणे’ मात्र सर्वथा चूक, कारण क्रम आधीच लागलेला असतो.

खोडकर: माझा आक्षेप ‘जनुकीय’ला आहे. मानवी डीएनएत प्रथिने कशी बनवायची हे सांगणारा जनुकांतला मजकूर जेमतेम दीड-दोन टक्के असतो. २००३ साली मानवी डीएनए वाचण्याचा ‘ह्यूमन जीनोम प्रकल्प’ पूर्ण झाल्याचे जाहीर होऊनही सुमारे ८ टक्के भाग वाचायचा राहिला होता, कारण तिथे तीच ती अक्षरे पुनःपुन्हा येतात आणि आखूड तुकडे कुठे जोडायचे ते कळत नाही. २०२२ साली तो भाग लांब तुकड्यांमुळेच वाचता आला. मग या सगळ्याला, म्हणजे जीनोमला, ‘जनुकसंच’ तरी कसे म्हणायचे?

भाषांतरवेडी: ‘लांब तुकडा’ हा शब्द आपण आत्ता सहज वापरलात, तोच लेखात घालू का?

पोथीवाला: ते राहू द्या, आधी ‘जनुक’ मधल्या ‘उक’ प्रत्ययाबद्दल बोलू. ‘भावुक’, ‘कामुक’ ही विशेषणे आहेत, मग ‘जनुक’ नाम कसे झाले?