डोळे नुकतेच उघडलेली चार पिल्लं सापडलीत, लोक आत्ताच मागतायत. देऊ का?

रानवारा
काल संध्याकाळी कचऱ्याच्या ढिगाशेजारी चिकटपट्टी लावलेल्या खोक्यात कुत्र्याची चार पिल्लं सापडली. खोका बंद होता, म्हणजे कोणीतरी मुद्दाम आणून टाकलेली. डोळे किलकिले उघडलेत, दात नाहीत, पोटावर सरपटतात. तिघं बरी आहेत. चौथी तांबूस मादी अगदी लहान, हाताला गार लागते, तोंडही उघडत नाही. घरात गाईचं दूध आहे, ते चालेल का? आणि मुख्य प्रश्न: फोटो पाहून ओळखीतले तीन जण आजच न्यायला तयार आहेत. देऊन टाकू? मी दिवसभर नोकरीला असतो, घरी आई आहे, ती मदत करेल.

पायरीवरची
आधी ती तांबूस. बाकीचं नंतर वाचा.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. अंग गार असलं की आतडी चालत नाहीत, गिळताही येत नाही आणि दूध फुप्फुसात जातं. तिला शर्टाच्या आत छातीशी धरा. हळूहळू ऊब द्या, एकदम गरम काही लावू नका. तोंडात बोट घातल्यावर आतून उबदार लागलं आणि बोट चोखायला लागली, की मगच दूध. ऊब मिळूनही चोखत नसेल तर वाट बघत बसू नका, थेट व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) न्या. एवढ्याशा जिवाची रक्तातली साखर फार झपाट्याने उतरते.

बाकीच्यांच्या खोक्यात कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर त्यांना सरकता येईल.

गाईचं दूध नको. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात आणि लॅक्टोज कमी. गाईच्या दुधाने पोट भरल्यासारखं वाटतं, पण जुलाब लागतात आणि वजन वाढत नाही. पिल्लांसाठीचं मिल्क रिप्लेसर (आईच्या दुधाऐवजी द्यायचं तयार दूध) मिळतं, ते आणा. या वयाला दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. पाजताना पिल्लू पोटावर, मान किंचित वर. बाळासारखं उताणं कधीही धरू नका. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा.

पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शू-शीची जागा हळूच पुसा. एरवी आई चाटते म्हणून ती करतात. साधारण तीन आठवड्यांची होईपर्यंत त्यांना हे स्वतःहून जमत नाही. आणि रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. वजन रोज पाच ते दहा टक्के वाढायला हवं. एखाद्याचं वाढलं नाही तर समजायचं काहीतरी बिनसलंय. बाकी लक्षणं दिसायला वेळ लागतो.

धावती_सावली
वरचं सगळं बरोबर. एक भर घालते. डोळे उघडलेत म्हणजे दोन आठवड्यांच्या आसपासची असतील. जंतांचं औषध आत्ताच सुरू होतं, दर दोन आठवड्यांनी. पोटातले गोल जंत आईकडून जन्माआधीच येतात. पण डोस व्हेट वजन बघून ठरवतील. पिसवा दिसल्या तर मोठ्या कुत्र्यांचं औषध चुकूनही लावू नका, बारीक दातांच्या फणीने काढा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर लगेच दाखवा. पिसवा या वयात रक्त पिऊन पिल्लू मारू शकतात.

रानवारा
दोघींचे आभार. ती आता ऊब धरून आहे, थोडं चोखलं. व्हेटकडे चौघांनाही दाखवून आणलं. देण्याबद्दल सांगा ना. एक जण तर रोज फोन करतोय.

पायरीवरची
आज कोणालाच देऊ नका. निदान आठ आठवड्यांची होऊ द्या. भावंडांशी खेळताना किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे ती पुढच्या काही आठवड्यांत शिकतात. एकटं वाढलेलं पिल्लू हे शिकत नाही, मग "चावरं निघालं" म्हणून पुन्हा रस्त्यावर येतं. तिसऱ्या आठवड्यापासून माणसं, आवाज, झाडू, कुकरची शिट्टी, सगळ्याची ओळख करून द्या. पुढच्या दोनेक महिन्यांत जे पाहिलं त्याला ती सहसा घाबरत नाहीत.

त्या तिघांना नाही म्हणू नका, भेटायला बोलवा. दर आठवड्याला. दोन भेटींनंतर येईनासा झाला तो कुत्रा सांभाळणार नव्हताच. जो येत राहील त्याला विचारा: दिवसा घरी कोण असतं? भाड्याचं घर असेल तर मालक हो म्हणालाय का? याआधी कुत्रा होता का, त्याचं काय झालं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी फार लक्ष देऊन ऐकते. "गावाला सोडला" म्हणणाऱ्याला मी पिल्लू देत नाही, कितीही गोड बोलला तरी. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मागणाऱ्यालाही नाही.

पिल्लू स्वतः त्यांच्या घरी नेऊन द्या, वाटेत कुठे भेटून नाही. दार कुठे उघडतं, गच्चीला कठडा आहे का, घरातल्या बाकीच्यांचे चेहरे कसे आहेत, हे तिथेच दिसतं.

माद्या मागे राहतील, सगळे नर मागतात. घाबरून "कोणीही न्या" म्हणू नका. नसबंदी करून घेण्याचं लेखी घ्या आणि तारीख जवळ आली की तुम्हीच फोन करा. जमलं नाही तर पिल्लू तुमच्याकडेच परत आणायचं, हेही त्याच कागदावर.

धावती_सावली
लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची साधारण तीन महिन्यांना. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या जमिनीवर उतरवू नका. पार्व्हो म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन जीवावर बेतणारा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि बुटांना चिकटून घरात येतो. भेटायला येणाऱ्यांना चपला बाहेर काढायला आणि हात धुवायला सांगा. लसीचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं करा, ते पिल्लाबरोबरच जाऊ दे.

रानवारा
रोज फोन करणाऱ्याला रविवारी बोलावलंय, बायकोला घेऊन ये म्हटलं. आईने वजनाची वही केलीय. तांबूस सगळ्यांत हलकी आहे, पण आज कालच्यापेक्षा वाढली.