‘मुंबई मेरी जान’: गुन्हेगार न दाखवणं बरोबर की पळवाट?

महालकर
११ जुलै २००६. संध्याकाळची गर्दी, मुंबईची पश्चिम रेल्वे, अकरा मिनिटांत सात स्फोट, तेही पहिल्या वर्गाच्या डब्यांत. १८० च्या वर माणसं गेली. या स्फोटांनंतरच्या मुंबईवरचा निशिकांत कामतचा हा सिनेमा दोन वर्षांनी, २००८ मध्ये आला. बॉम्ब कोणी ठेवले, तपास कुठवर गेला, यातलं काहीच त्यात नाही. माझं ठाम मत आहे की सिनेमा टिकला तो यामुळेच.

तपासाचा सिनेमा केला असता तर शेवटी कोणीतरी पकडला गेला असता आणि आपण निश्चिंत होऊन घरी गेलो असतो. कामतने ती सोय ठेवली नाही. प्रदूषण वाढतं म्हणून गाडी न घेणाऱ्या निखिलला (माधवन) लोकलमध्ये पाय टाकवत नाही. वार्ताहर रूपाली (सोहा अली खान) दुसऱ्यांच्या दुःखासमोर माईक धरायची. होणारा नवरा गेल्यावर तिचंच चॅनेल तिच्या रडण्याचा कार्यक्रम करतं. आणि के के मेननचा सुरेश! हाताला काम नाही, टपरीवर बसून एका मुसलमान तरुणावर संशय धरतो आणि त्याच्या मागावर फिरतो. पुरावा काहीच नाही. पडद्यावर गुन्हेगार दाखवला असता तर सुरेशसारख्यांना आयतं बोट दाखवायला मिळालं असतं.

प्रतापनगरची
सुरेशबद्दल पटलं. पण थॉमसचं काय? रात्री सायकलवर चहा-कॉफी विकणारा तमिळ माणूस. इरफानला संवाद जवळजवळ नाहीतच, सगळं डोळ्यांत. बायको-मुलीला घेऊन मॉलमध्ये जातो, सेंटच्या बाटल्या हाताळतो म्हणून सगळ्यांदेखत त्याला हाकलून देतात. त्या वेळी मुलीसमोर त्याचा चेहरा पाहा. मग तो मॉलमध्ये बॉम्ब असल्याचे खोटे फोन करू लागतो, पळापळीत एका म्हाताऱ्याला हार्ट अटॅक येतो आणि थॉमस अपराधाखाली दबून जातो.

म्हणजे हिशेब असा झाला: अपमान गरिबाचा, गुन्हा गरिबाचा, पश्चात्तापही गरिबाचाच. त्याला हाकलणाऱ्यांना सिनेमा काहीच विचारत नाही. त्या म्हाताऱ्याला फूल देऊन थॉमस मोकळा होतो, हे मला फार स्वस्तात मिटवल्यासारखं वाटतं.

इतवारी
ताई, थॉमसला गुन्हेगार कुठं केलं? उलट साध्या माणसाच्या हाती भीतीचं हत्यार कसं येते, हेच दाखवून राहिले न ते. ज्याला कोणी विचारत नाही त्याच्या एका फोनवर अख्खा मॉल रिकामा होते. आपल्या नागपूरच्या बर्डीवर, भर बाजारात, खोटी अफवा उठली तरी काय होईल, विचार करा.

झिरोमाइल
महालकर, तुमचा मुद्दा मुंबईपुरता ठीक आहे. नागपुरात लावून पाहा.

२३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा, अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ जण गेले. त्यात बाया आणि लेकरंच जास्त. आज आपण गोवारी शहीद उड्डाणपुलावरून गाड्या पळवतो आणि गाडीतल्या पोरांना ते नाव का आहे ते माहीत नसतं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मागणी जिथल्या तिथेच.

आता यावर कोणी ‘जबाबदार कोण ते नको, फक्त सामान्य माणसाचं मन दाखवू’ असा सिनेमा काढला तर तुम्ही टाळ्या वाजवाल? मोर्चा कोणी अडवला, कोणीच भेटायला का आलं नाही, हे वगळलं की उरतो तो नुसता हळहळीचा सिनेमा. आणि सामान्य नगरवासी म्हटले की तुम्हाला पासधारक नोकरदार आठवतात. गावाहून आलेल्या आणि शहरात मेलेल्या माणसाचं काय?

महालकर
झिरोमाइल, गोवारींवर सिनेमा झाला तर त्यात आदेश देणारे दिसलेच पाहिजेत, तिथे आपलं दुमत नाही. तिथे प्रश्न सत्तेच्या वागण्याचा आहे आणि सत्तेचा पत्ता सगळ्यांना ठाऊक होता.

लोकल स्फोटांचं तसं नाही. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. त्यातले दोघे आपल्या नागपुरातल्या, वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर आले. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. कामतने २००८ मध्ये पडद्यावर आरोपी उभे केले असते तर आज तो सिनेमा कोणत्या तोंडाने पाहायचा?

शिवाय पोलिसांना त्याने सोडलेलं नाही. परेश रावलचा तुकाराम पाटील निवृत्तीला आलेला हवालदार, हसतमुख, चिरीमिरीवाला. उभी नोकरी काही न करता गेली, ही खंत तो तरुण कदमजवळ बोलून दाखवतो. यंत्रणेवरची इतकी जड टीका मला दुसरीकडे दिसली नाही.

प्रतापनगरची
तुकाराम मलाही आवडतो. तरीही शेवटी दोन मिनिटं शहर थांबतं, रफींचं जुनं गाणं वाजतं आणि सुरेश, थॉमस, निखिल सगळे ताळ्यावर येतात, हे मला मान्य नाही. रूपालीची मात्र जखम उघडीच राहते. तोच धागा मला खरा वाटला, बाकीच्यांनाही तसंच ठेवायला हवं होतं.

झिरोमाइल
महालकर, सत्तेचा पत्ता ठाऊक होता म्हणता. मग तीस वर्षांत तो कोणी पडद्यावर का लिहीना? ज्यांना कॅमेरा परवडतो त्यांची कोणतीच बाई गोवारींचा मोर्चा अडवला त्या टी-पॉइंटवर नव्हती, एवढंच मला त्याचं उत्तर दिसतं.